आखाती देशांतील बांधकाम-व्यवसाय आणि कोकणचा किनारा : एक आढावा

कुंडलिकेच्या मुखाशी वसलेल्या रेवदंड्यात राहून आखातातील इमारतींविषयी लिहिणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु या दोन किनाऱ्यांमधील व्यवहार आजकालचा नव्हे. रेवदंड्याला लागून असलेले चौल हेच अरब भूगोलवेत्त्यांचे सैमूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात, आणि इ. स. ९१६ च्या सुमारास तेथे येऊन गेलेल्या अल-मसूदीने सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून येऊन वसलेल्या आणि येथेच जन्मलेल्या मुसलमानांची संख्या सुमारे १०,००० असल्याचे नमूद करून ठेवले आहे. त्या काळी व्यापाराच्या निमित्ताने समुद्र ओलांडणारे लोक तिकडचे होते आणि त्यांना आसरा देणारे बंदर इकडचे होते. गेल्या पन्नास वर्षांत हा ओघ उलटला असून श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, रोहे, महाड या तालुक्यांतील कित्येक घरांचा चरितार्थ आखातातून येणाऱ्या पैशावर चालत आला आहे. यास्तव आखाती देशांतील बांधकाम-व्यवसायासमोर कोणत्या अडचणी आहेत, त्याची प्रगती शाश्वत ठरेल काय, आणि याविषयी जाणत्या लोकांमध्ये कोणते मतभेद आहेत, याचा आढावा या किनाऱ्यावरून घेणे अस्थानी होणार नाही.

पूर्वपीठिका

तेल सापडण्यापूर्वी आखाताच्या काठावरील घरे समुद्रातून काढलेल्या प्रवाळ-दगडांची आणि जिप्समच्या गिलाव्याची असत. छपरासाठी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून खारफुटीचे वासे गलबतांतून येत आणि दारांसाठी सागवान हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून जाई. खोलीची रुंदी वाशाच्या लांबीवर ठरे, म्हणून ती सहसा साडेतीन-चार मीटरांच्या पलीकडे जात नसे; आणि उकाड्यावर उपाय म्हणून घरावर उंच वायुमनोरा बांधून वरचा वारा खालच्या दालनात उतरवीत. दुबईच्या अल फहिदी मोहल्ल्यात अशी घरे आजही जतन केलेली आहेत. जांभ्याच्या चिऱ्यांनी, चुन्याने आणि उतरत्या कौलांनी पावसाशी जुळवून घेणारे कोकणी घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या रचनेमागील विवेक वेगळा समजावून सांगावा लागू नये. ही विद्या पुढे अवघ्या एका पिढीत मागे पडली, आणि आजच्या शाश्वत म्हणविल्या जाणाऱ्या प्रयोगांपैकी काहींचे मूळ मात्र तिच्यातच आहे.

बहारीनमध्ये १९३२ साली, कुवेत व सौदी अरबस्तानात १९३८ साली आणि अबू धाबीत १९५८ साली तेल सापडले. तेव्हा या प्रदेशाचा हिंदुस्थानाशी इतका निकटचा संबंध होता, की १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळा रुपया काढला आणि दुबई व कतार येथे तो १९६६ पर्यंत चलनात राहिला. तथापि बांधकामाची खरी भरती १९७३ साली तेलाचे भाव चौपटीच्या घरात गेल्यानंतर आली. बंदरे, रुग्णालये, रस्ते, सचिवालये आणि वसाहती एकाच वेळी उभारावयाच्या होत्या आणि त्या उभारण्यास पुरेसे मनुष्यबळ स्थानिक प्रजेत नव्हते. आरंभी हे काम ईजिप्त, येमेन, पॅलेस्टाइन येथील लोकांनी केले. पुढे भारत, पाकिस्तान, बांगलादेश व नेपाळ येथून मजूर येऊ लागले. मुंबईच्या शापूरजी पालनजी या कंपनीने सत्तरीच्या दशकात ओमानच्या सुलतानाचा राजवाडा बांधला, ही भारतीय कंत्राटदारांच्या तेथील प्रवेशाची ठळक खूण होय. कोकणातील माणूस तेव्हा मुंबईच्या गोदीत व जहाजांवर खलाशी म्हणून आधीच रुळलेला होता. डोंगरी-भेंडीबाजाराच्या परिसरातील एजंटांकडून व्हिसा मिळवून तो गवंडी, सुतार, सळई बांधणारा फिटर, वेल्डर किंवा ड्रायव्हर म्हणून रवाना झाला, आणि एकाने आपल्या भावाला, भावाने मेहुण्याला बोलावून घ्यावे अशा रीतीने गावेच्या गावे त्या वाटेला लागली.

भारत सरकारने १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये या जाण्यायेण्यावर देखरेखीची तजवीज केली. दहावी उत्तीर्ण नसलेल्या इच्छुकास आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. परवानाधारक एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरील करापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. आणि जाणाऱ्याचा १० लाखांचा विमा सक्तीचा आहे. कागदावर हा बंदोबस्त चांगला आहे. व्यवहारात व्हिसाचे पैसे म्हणून याहून कितीतरी अधिक रक्कम हातोहात दिली जाते, हे किनाऱ्यावरील कोणत्याही कुटुंबाला विचारले असता समजते, आणि ती कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून उभी केलेली असते.

ऊन, क्षार आणि वाळू

आखातातील बांधकामाच्या अडचणी केवळ पैशाने सुटण्याजोग्या नाहीत. उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांवर जाते आणि किनाऱ्यावर त्यात समुद्राची आर्द्रता मिळते. काँक्रीट इतक्या उष्णतेत लवकर आळते व तडकते, म्हणून मोठ्या कामांत ते रात्री ओततात आणि मिश्रणात काही पाण्याऐवजी बर्फ घालतात. २०१० च्या जानेवारीत खुल्या झालेल्या ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाच्या बांधणीत हेच करावे लागले. त्या इमारतीच्या पायाखालचे भूजल समुद्राच्या पाण्याहूनही खारे असल्यामुळे सळई गंजू नये म्हणून विद्युत्-संरक्षणाची खास योजना करावी लागली. खारी हवा लोखंडाला कशी खाते, हे रेवदंड्यातील लोकांना सांगणे नको. येथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टाकलेल्या स्लॅबमधून सळई फुगून वर आलेली व गिलावा गळालेला अनेक घरांत दिसतो. फरक इतकाच, की तेथे त्यावर धातुमळी-सिमेंट, मायक्रोसिलिका, लेपित सळई असे उपाय नियमाने योजले जातात आणि येथे बहुधा मालकाच्या ऐपतीवर व गवंड्याच्या अनुभवावर काम चालते. आखातातून परतलेला कारागीर या बाबतीत गावाला बरेच काही देऊ शकेल; त्या ज्ञानाची दखल घेण्याची व्यवस्था मात्र आपल्याकडे नाही.

वाळूची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. वाळवंटाच्या प्रदेशाला वाळूची टंचाई भासावी हे अनाकलनीय वाटेल. परंतु वाऱ्याने घासून गुळगुळीत व बारीक झालेला वाळवंटी कण सिमेंटशी घट्ट बांधला जात नाही. त्यामुळे रास अल खैमा व फुजैरा येथील डोंगर फोडून खडी व कृत्रिम वाळू तयार करतात, आणि समुद्रातील भरावासाठी सागरतळ उपसतात. दुबईच्या पाम जुमैरा या बेटासाठी ९ कोटी घनमीटरांहून अधिक वाळू लागली. प्रवाळ, समुद्री गवत आणि मासळीच्या प्रजननस्थळांवर याचा जो परिणाम होतो, तो पर्यावरणवाद्यांच्या मुख्य आक्षेपांपैकी एक आहे. हा प्रश्नही आपणांस परका नाही. अलिबागजवळच्या किहीम येथे २००४ साली वाळू-उपशाला विरोध केल्याबद्दल सुमैरा अब्दुलअली यांच्यावर हल्ला झाला होता. त्यांच्या आवाज फाउंडेशनने न्यायालयात दाद मागितली आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील वाळू-उपशावर बंदी घातली. किनाऱ्यावर बांधणारा समाज कोणताही असो, त्याला वाळूचा हिशेब कधीतरी द्यावाच लागतो.

जामीनदारीचा वाद

या क्षेत्रातील सर्वांत जुना व तीव्र वाद कामगाराच्या कायदेशीर स्थितीविषयी आहे. परदेशी कामगाराचा मुलुखातील वास्तव्याचा हक्क ज्या मालकाच्या हमीवर अवलंबून असतो, तो मालक म्हणजे कफील. नोकरी बदलणे, देश सोडणे, इकाम्याचे म्हणजे वास्तव्य-परवान्याचे नूतनीकरण करणे या सर्व गोष्टी दीर्घकाळ त्याच्या मर्जीवर राहिल्या. मोती काढणाऱ्या गलबतांच्या काळातील हमीच्या प्रथेत आणि ब्रिटिश अमलातील बंदोबस्तात या पद्धतीचे मूळ शोधणारे अभ्यासक आहेत. तिच्या समर्थनार्थ आखाती सरकारांनी व मालकांनी मांडलेला युक्तिवाद समजून घेतला पाहिजे: जेथे परदेशी लोकांची संख्या नागरिकांपेक्षा कित्येक पट झाली आहे, तेथे त्यांच्या आगमनाची जबाबदारी कोणीतरी पत्करल्याविना राज्य चालणे कठीण, शिवाय ज्या मालकाने प्रवासखर्च व परवान्याचा खर्च केला, त्याचा माणूस दुसऱ्याच महिन्यात निघून गेल्यास काम पुरे कसे व्हावे? उलट बाजूने आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, ह्यूमन राइट्स वॉच, ॲम्नेस्टी आदी संस्थांचे म्हणणे असे, की ज्याचा इकामा मालकाच्या हाती तो कामगार थकलेला पगार मागू शकत नाही, धोक्याचे काम नाकारू शकत नाही आणि तक्रार केली असता तोच फरारी ठरविला जातो.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत सुधारणा झाल्या आहेत, हे मान्य करणे न्यायाचे होईल. संयुक्त अरब अमिरातींनी २००९ मध्ये पगार बँकेमार्फतच देण्याची पद्धत सुरू केली आणि ती शेजारच्या देशांनी उचलली. कतारने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेशी सहकार्याचा करार करून ऑगस्ट २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढली, आणि मार्च २०२१ पासून सर्व राष्ट्रीयत्वाच्या कामगारांना दरमहा १,००० रियाल किमान वेतन लागू केले. सौदी अरबस्तानानेही मार्च २०२१ मध्ये नोकरी-बदलाचे नियम शिथिल केले. या सुधारणा खऱ्या आहेत, अंमलबजावणीला वेळ लागेल, असे त्या सरकारांचे म्हणणे. कायदा बदलला तरी मालक-कामगारांतील सत्तेचे प्रमाण बदलले नाही, आणि बहुतेक ठिकाणी परदेशी मजुराला संघटना करता येत नसल्याने हक्क बजावण्याचे साधनच त्याच्यापाशी नाही, असे टीकाकारांचे म्हणणे.

या दोहोंच्या मधोमध कंत्राटाच्या साखळीचा प्रश्न आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मोठ्या प्रकल्पात मुख्य कंत्राटदाराखाली उपकंत्राटदार, त्याखाली मजूर पुरविणारा, अशा चार-पाच पायऱ्या असतात आणि वरून हप्ता आला की खाली द्यावयाचा असा रिवाज असतो. वरचा हप्ता अडला, की सर्वांत खालच्या पायरीवरील गवंड्याचा पगार प्रथम थांबतो. तेलाचे भाव कोसळल्यानंतर २०१६ च्या उन्हाळ्यात सौदी अरबस्तानात हजारो भारतीय कामगार पगाराविना व काही ठिकाणी अन्नाविना छावण्यांत अडकले. आपल्या सरकारने त्यांना शिधा पुरविला व परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना जेद्द्यास जावे लागले. २०२० च्या महामारीत हेच पुन्हा घडले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भारत सरकारने आखाती नोकऱ्यांसाठीची किमान वेतनाची शिफारस कमी केली, ती स्पर्धेत आपल्या लोकांच्या नोकऱ्या टिकाव्यात या हेतूने. परंतु तिला मोठा विरोध झाला आणि पुढच्या वर्षी पूर्वीचे दर पुन्हा लागू झाले. नोकरी टिकविणे आणि वेतन टिकविणे यांतील हा पेच किनाऱ्यावरील घरांना अधिक जवळून कळतो. ज्याचा मुलगा तेथे आहे, तो बाप जामीनदारीची पद्धत नष्ट व्हावी असे आधी म्हणत नाही. पगार वेळेवर यावा आणि मुलगा सुखरूप यावा, एवढेच तो म्हणतो. या मताला परिसंवादांत जागा नसते, म्हणून ते येथे नोंदविले.

मृत्यूंची मोजदाद

कतारमधील २०२२ च्या विश्वचषकामुळे कामगारांच्या मृत्यूंचा प्रश्न जगापुढे आला. २०२१ च्या फेब्रुवारीत 'गार्डियन' पत्राने दक्षिण आशियातील पाच देशांचे ६,५०० हून अधिक नागरिक दहा वर्षांत कतारमध्ये मरण पावल्याचे प्रसिद्ध केले. कतारच्या आयोजकांनी स्टेडियमच्या कामावर अपघाताने झालेले मृत्यू ३ आणि कामाशी संबंध नसलेले ३७ असल्याचे सांगितले; पुढे त्यांच्याच प्रमुखाने एका मुलाखतीत ४०० ते ५०० हा आकडा उच्चारला, तेव्हा तो सर्व उद्योगांचा असल्याचा खुलासा करण्यात आला. हे आकडे परस्परविरोधी दिसतात, पण ते निरनिराळ्या गोष्टी मोजतात. पहिल्यात सर्व व्यवसायांतील व सर्व कारणांनी झालेले मृत्यू आहेत, दुसऱ्यात केवळ काही इमारतींवरचे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२० या एका वर्षात कतारमध्ये कामासंबंधाने ५० मृत्यू व ५०० हून अधिक गंभीर दुखापती झाल्याचे नोंदविले आणि मोजणीची एकच रीत ठरविण्याची शिफारस केली.

खरी अडचण 'नैसर्गिक कारण' अथवा 'हृदयक्रिया बंद पडणे' एवढेच लिहिलेल्या दाखल्यांची आहे. तिशीतला निरोगी तरुण झोपेत जातो, शवविच्छेदन होत नाही, आणि मृत्यू कामाशी संबंधित नाही असे ठरून भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. २०१९ मध्ये 'कार्डिओलॉजी' या नियतकालिकात कतारमधील नेपाळी कामगारांविषयी आलेल्या अभ्यासात २००९ ते २०१७ या काळातील हृदयविकाराच्या ५७१ मृत्यूंपैकी सुमारे २०० उष्णतेपासून योग्य संरक्षण मिळते तर टळले असते, असा निष्कर्ष काढला आहे. उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवण्याचे हुकूम सर्व आखाती देशांत आहेत. अमिरातींत ते १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीनपर्यंत लागू असतात. घड्याळाच्या या नियमापेक्षा कतारने २०२१ पासून स्वीकारलेला मार्ग अधिक शास्त्रीय आहे: तापमान, आर्द्रता, ऊन व वारा यांचा एकत्रित निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला, की वेळ कोणतीही असो, काम थांबवावयाचे. दमट किनाऱ्यावर घाम सुकत नाही आणि म्हणून शरीर निवत नाही, हे येथील मे महिन्यात शेतात राबणाऱ्याला ठाऊक असते. आखातात तो निर्देशांक कोण मोजतो आणि काम थांबविण्याचा अधिकार मुकादमाला खरोखर असतो काय, हा पुढचा प्रश्न शिल्लक राहतो.

निवासाचा मामला यापासून वेगळा नाही. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीत सुमारे ५० जण दगावले व त्यांतील बहुसंख्य भारतीय होते. कामाच्या जागेवर शिरस्त्राण सक्तीचे करणाऱ्या व्यवस्थेला कामगाराच्या खोलीतील दाटीचीही तितकीच काळजी वाहावी लागेल.

शाश्वततेचे प्रयोग

पर्यावरणाच्या बाजूने पाहता नियमांची कमतरता नाही. अबू धाबीने २०१० पासून 'एस्तिदामा' या योजनेखाली प्रत्येक नव्या इमारतीला किमान एक 'पर्ल' हे मानांकन मिळविणे सक्तीचे केले. दुबईने हरित बांधकामाचे नियम २०११ मध्ये सरकारी आणि २०१४ मध्ये सर्व इमारतींना लावले. कतार व सौदी अरबस्तान यांचीही स्वतःची मूल्यमापन-पद्धती आहे. अमिरातींनी २०५० पर्यंत व सौदी अरबस्तानाने २०६० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय जाहीर केले आहे. वातानुकूलनावर उन्हाळ्यातील विजेचा फार मोठा भाग खर्च होत असल्याने एका केंद्रातून संपूर्ण वसाहतीला थंड पाणी पुरविण्याची पद्धत तेथे रूढ झाली आहे आणि तिचा लाभ निर्विवाद आहे.

मोठ्या प्रयोगांविषयी मात्र मते विभागलेली आहेत. २००८ मध्ये बांधणीस आरंभ झालेल्या अबू धाबीच्या मसदर नगराने अरुंद सावलीच्या गल्ल्या व वायुमनोरा पुन्हा आणला. तेथील रस्त्यांवर हवा खरोखर थंड असते, परंतु २०१६ ची मूळ मुदत २०३० पर्यंत लांबली आणि शून्य-कर्बाचा संकल्प सौम्य करावा लागला. समर्थक म्हणतात की प्रयोगशाळेचे मोल तिच्यातून शिकलेल्या धड्यांत असते; टीकाकार म्हणतात की जुनी शहरे सुधारण्याऐवजी वाळवंटात नवे शहर उभारणे हाच मुळात अपव्यय होय. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या सौदी अरबस्तानातील १७० किलोमीटर लांबीच्या 'द लाइन' या नगराबाबत हाच वाद अधिक मोठ्या प्रमाणावर चालला आहे, आणि त्याच्या पहिल्या टप्प्याची लांबी फारच आखूड केल्याच्या वार्ता आल्या आहेत. कतारमधील '९७४' हे मालवाहू पेट्यांचे, उकलून हलविता येईल असे स्टेडियम ही कल्पक रचना खरी. तथापि विश्वचषक कर्बतटस्थ असल्याचा 'फिफा'चा दावा स्वित्झर्लंडच्या जाहिरात-नियामकाने २०२३ मध्ये दिशाभूल करणारा ठरविला.

सर्वांत गहन प्रश्न पोलाद व सिमेंटचा आहे, कारण इमारत वापरात येण्यापूर्वीच तिचे कितीतरी उत्सर्जन या दोन पदार्थांत होऊन गेलेले असते. अबू धाबीतील एमिरेट्स स्टीलच्या कारखान्यातून निघणारा कर्बवायू २०१६ पासून पकडला जातो आणि त्या योजनेची क्षमता वर्षाला ८ लाख टनांची आहे. परंतु तो वायू तेलविहिरींत सोडून अधिक तेल काढण्यासाठी वापरतात. त्यामुळे या योजनेला उत्सर्जन-कपात म्हणावे की तेल-उत्पादनाचे साहाय्य, यावर एकमत नाही. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे साळाव येथे नैसर्गिक वायूवर लोखंड तयार करण्याच्या त्याच जातीच्या तंत्राचा कारखाना नव्वदीच्या दशकापासून आहे, आणि तेथे हरित पोलादाचा मोठा प्रकल्प उभारण्याचा मानस आजच्या मालक-कंपनीने जाहीर केला आहे. म्हणजे अबू धाबीतील चर्चेचा निकाल काय लागतो, याच्याशी या खाडीचेही हितसंबंध गुंतलेले आहेत.

अनिर्णीत राहिलेले

शाश्वततेच्या या मूल्यमापनात काच, वीज, पाणी यांना गुण मिळतात. ज्याने ती काच बसविली, त्याचा पगार थकला किंवा तो उष्म्याने आजारी पडला, तर त्या इमारतीचे गुण सहसा कमी होत नाहीत. ते व्हावेत काय, हा या क्षेत्रातील आज खुला असलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे असे मला वाटते. त्याला विरोध करणारे म्हणतात की इमारतीचे प्रमाणपत्र आणि कामगार कायदा ही दोन स्वतंत्र दप्तरे आहेत व त्यांची सरमिसळ केल्यास दोन्ही निष्प्रभ होतील. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही.

दुसरा प्रश्न यंत्रांचा. दुबईने २०३० पर्यंत नव्या इमारतींपैकी चौथा हिस्सा त्रिमिती मुद्रणाच्या तंत्राने बांधण्याचे ठरविले आहे. मजूर स्वस्त आहे तोवर यंत्र येणार नाही, असे एक मत. उन्हाच्या वाढत्या तडाख्याने यंत्र आणणे भाग पडेल, असे दुसरे. जेरेमी पाल व एल्फातिह एल्ताहिर यांच्या २०१६ मधील अभ्यासानुसार उत्सर्जन आजच्याच गतीने वाढत राहिले, तर शतकाच्या अखेरीस आखाताच्या किनाऱ्यावर काही दिवशी मानवी शरीर सावलीतही तग धरू शकणार नाही इतकी दमट उष्णता होईल. तसे झाले, तर गवंडीकामासाठी आखातात जाण्याचा मार्गच आक्रसेल आणि कोकणातील या घरांना दुसरी वाट शोधावी लागेल.

तिसरा प्रश्न आपल्याच दप्तराचा आहे. आखातात सुमारे ९० लाख भारतीय असल्याचे परराष्ट्र खात्याच्या आकड्यांवरून दिसते. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे परदेशातून येणाऱ्या रकमांत महाराष्ट्राचा वाटा २०२३-२४ मध्ये सुमारे २०.५ टक्के, म्हणजे केरळाहूनही किंचित अधिक होता. परंतु त्यात मुंबईच्या बँकांतून वळणारा पैसा किती आणि म्हसळ्याच्या गवंड्याने घरी धाडलेला किती, हे त्या आकड्यावरून उलगडत नाही. केरळात तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेने १९९८ पासून ठरावीक वर्षांनी स्थलांतराची घरोघर पाहणी केली, आणि कोण गेला, किती कर्ज काढून गेला, काय शिकून परतला, हे त्या राज्याला माहीत आहे. महाराष्ट्रात अशी सलग पाहणी झालेली नाही. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांपुरती जरी ती करावयाची म्हटली, तरी ग्रामपंचायतींकडून घरटी माहिती मिळविणे अवघड नाही. परतलेल्या कारागिराने कोणत्या कामावर किती वर्षे काढली, पगार थकला होता काय, दुखापत झाली होती काय आणि भरपाई मिळाली काय, इतके चार-पाच रकाने त्या नोंदवहीत घातले, तर मृत्यू व पगार यांविषयी वर मांडलेल्या वादांपैकी निदान काहींचा निवाडा दोन्ही पक्षांच्या दाव्यांवर सोडून द्यावा लागणार नाही.